जयंतीची संत्री

यवतमाळच्या त्या काचेच्या मोठ्या दुकानानं मला फसवलं आणि मी घाटंजीच्या फळवाल्या मावशीला फसवलं. दोन्ही गोष्टी एकाच जयंतीच्या. पहिलीचा राग अजून उतरला नाही, आणि दुसरी आठवली की जेवण गोड लागत नाही. घरचे म्हणतात, टोपलीभर संत्र्यांसाठी किती जीव जाळायचा? संत्र्यांसाठी जळत असता तर एव्हाना विझला असता.

मी बारदान्याचा व्यापारी. रिकामी पोती घ्यायची, फाटकी शिवून घ्यायची, पुन्हा विकायची. माझे आईबाप लोकांच्या शेतात कापूस वेचत. त्याच कापसाच्या गाड्यांमागे पडलेली पोती उचलून मी धंदा उभा केला. शिकलो ते एवढंच, की पहिला भाव कधी खरा नसतो. मी आगपेटीसुद्धा घासाघीस केल्याशिवाय घेतली नाही. डोकंही तापट. बाजारात मी दिसलो की दुकानदार बायकोला म्हणायचे, आता अर्धा तास गेला.

आमच्या वस्तीत एप्रिलातल्या जयंतीला सकाळी निळे झेंडे लागतात, वंदना होते, आणि मग सगळे मिळून सरकारी दवाखान्यात जाऊन आजाऱ्यांना फळं वाटतात. धंदा जमल्यापासून ती फळं माझ्याकडून असायची, आणि मी ती घ्यायचो बाजाराच्या तोंडाशी टोपल्या मांडून बसणाऱ्या या मावशीकडून. ती जवळच्या तांड्यावरची. घरी वावर होतं, पण कापसाचा भाव असा पडला होता की वेचणीची मजुरीसुद्धा त्यातून निघेना. ती सालं आमच्याकडे सगळ्यांनीच काढली. कोणी बकऱ्या पाळल्या, कोणी वणीच्या खाणीकडं ट्रकवर गेलं. हिनं फळं विकायला घेतली. जयंतीचा माल हा तिचा सालातला सगळ्यात मोठा सौदा.

आमच्यात आगाऊ पैशाचा इसार नव्हता. होळी झाली की मी माझी धुतलेली पोती तिच्याकडं नेऊन टाकायचो. पोती पडली म्हणजे सौदा पक्का. मग ती बागेतून मृगबहाराची शेवटची संत्री उतरवून आणायची, माझ्याच पोत्यांना पाणी मारून त्यांखाली सावलीत ठेवायची. सौदा मोडायचा असेल तर पोती परत न्यायची. बारदान्याच्या धंद्यात वाढलेल्या माणसाला हा कायदा कोणी समजावून सांगायला नको.

भाव मात्र जयंतीच्या आठ दिवस आधी ठरायचा, आणि भांडूनच. ती आकडा सांगायची, मी उठून चालू लागायचो, ती मागून हाक मारायची. मी म्हणायचो, ‘‘मले दुकानं काय कमी आहेत?’’ ती म्हणायची, ‘‘जा ना भाऊ, कोनी धरलं?’’ मग चहा यायचा. चहा संपेपर्यंत भाव तुटायचा. वरून दोन टोपल्या केळी ती आपणहून घालायची. ‘‘हे तुमाले नाई हो,’’ असं बजावून, ‘‘दात नसलेल्या म्हाताऱ्यायले.’’

त्या साली मी जरा जास्तच ताणलं. माझाही धंदा ढिला होता; कापूसच नाही तर पोतं कोण घेतो? भोवती माणसं जमली होती. तेव्हा ती हसत हसत म्हणाली, ‘‘भाऊ, फळं दवाखान्यात वाटता का कोंडवाड्यात? आजारी मान्साचा घासबी दाबून पाह्यता तुमी.’’

माणसं हसली. तिनं काही विष घालून म्हटलं नव्हतं, आमच्यात याहून वाईट बोलणी झाली होती. पण माझ्या बापाला लोकांच्या शेताच्या धुऱ्यावर असंच हसलेलं मी पाहिलं होतं. डोकं फिरलं. ‘‘मले दुकानं कमी नाहीत,’’ म्हणालो आणि निघालो.

तिला वाटलं, दरवर्षीचंच आहे. पोती तर तिच्याकडंच होती.

ती परत आणायला मी गेलो नाही. विसरलो, असं बायकोला सांगितलं. विसरलो नव्हतो. पोती मागायला तिच्या तोंडासमोर उभं राहावं लागलं असतं आणि तेवढी छाती माझी झाली नाही.

जयंतीच्या आदल्या दिवशी यवतमाळला गेलो. काचेचं दार आपोआप उघडलं, आत थंडगार हवा. सफरचंदांना जाळीची बंडी घातलेली, संत्र्यांवर चिकटपट्टी, आणि सगळं इतकं चकाकत होतं की आपलंच तोंड दिसावं. मी सवयीनं एक संत्रं नाकाला लावलं. वास नाही. म्हटलं, थंडीत वास येत नसेल. दाबून पाहू लागलो तर गणवेशातली मुलगी म्हणाली, ‘‘सर, प्लीज, हात नका लावू.’’

‘‘बरं, भाव काय लावता?’’

‘‘लिहिलाय ना सर.’’

‘‘तो लिहिलेला झाला. देता कितीला?’’

‘‘सर, भाव मशीनमध्ये असतो.’’

‘‘मंग मशीनले बोलाव. तिच्याशी बोलतो.’’

ती हसली नाही. रांगेत माझ्या मागं उभ्या बाईनं घसा खाकरला. आयुष्यात पहिल्यांदा मी सांगितलेला भाव मुकाट्यानं दिला. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला मोठं झाल्यासारखं वाटलं. गावात येऊन चहाच्या टपरीवर ती मशीनची गोष्ट मी रंगवून रंगवून सांगितली. मावशीच्या कानावर जावी म्हणूनच सांगितली.

जयंतीला दवाखान्यात आमचं कौतुक झालं. सिस्टर म्हणाल्या, या वर्षी सफरचंदं, वा! मग आजारी माणसं खायला लागली. सफरचंद पिठासारखं, चव ना ढव, आणि कापलं की बियांभोवती तपकिरी. संत्र्याची साल सोलता सोलेना. आत फोडी कोरड्या, चिंध्या चघळाव्या तशा. संत्र्याच्या मुलखात मी असली संत्री वाटत होतो. पायाला पट्टी बांधलेला एक माणूस खाटेवरून म्हणाला, ‘‘भाऊ, दवाखान्यात आणलं हे बरं केलं. याले माह्या बाजूच्या खाटेवर भरती करा.’’ सगळा वॉर्ड हसला. मीही हसलो.

कोपऱ्यातली म्हातारी मात्र हसली नाही. तिनं एक फोड तोंडात घातली, बराच वेळ इकडून तिकडं फिरवली आणि पदरात काढून ठेवली. मग म्हणाली, ‘‘केळं नाई का रे बापू? दरसाली केळं राह्यते.’’

माझ्याकडं केळं नव्हतं.

बाहेर आलो तर फाटकाशी मावशी. हातगाडीवर माझी ओली पोती, पोत्यांखाली संत्री, कडेला दोन टोपल्या केळी. आम्ही आत गेल्यापासून उन्हात उभी होती. आमच्या लोकांच्या हातातली उरलेली, जाळीतली सफरचंदं तिनं पाहिली. आता ही सात पिढ्या उद्धरणार, म्हणून मी तयारीत राहिलो. शिव्यांना शिव्या मला येतात.

ती पोत्यांवर पाणी शिंपडत राहिली. मीच म्हणालो, ‘‘मावशी, सगळा माल घेतो. बोल भाव.’’

‘‘कायले? तुमचं तर झालं वाटून.’’

‘‘घरी नेतो.’’

‘‘घरी खायले एवढं लागत नाई.’’ तिनं पोती एकेक करून उचलली, पाणी पिळलं, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. केळी मात्र तिनं स्वतः आत नेली आणि त्या कोपऱ्यापासून वाटत गेली. संत्री घेऊन ती भर दुपारी परत फिरली. एप्रिलचं ऊन, वर ओलं पोतं नाही. पुढच्या बाजाराला तिच्याकडं संत्री नव्हती. शेजारची भाजीवाली मला ऐकू जाईल असं म्हणाली, अर्धी बकऱ्यायनं खाल्ली.

मी यवतमाळला गेलो, दोन सफरचंदं आणि एक संत्रं पिशवीत घेऊन. मॅनेजर म्हणाला, ‘‘सर, फळांना रिटर्न नाही.’’ म्हटलं, रिटर्न कोण मागतो? तू खाऊन दाखव. तो म्हणाला, आवाज कमी करा. मी केला नाही. रखवालदारानं मला बाहेर काढलं. दार तेव्हाही आपोआप उघडलं.

पुढच्या होळीनंतर मी पोती घेऊन मावशीकडं गेलो. नवी, न फाटलेली. तिनं ती ठेवून घेतली, तेव्हा मला वाटलं, मिटलं. आठ दिवस आधी भाव करायला गेलो, तर टोपलीवर पुठ्ठा लावलेला आणि त्यावर कोणाकडून तरी लिहून घेतलेला आकडा.

‘‘हे काय मावशी?’’

‘‘भाव.’’

‘‘तो झाला लिहिलेला. देती कितीला?’’

‘‘लिहेल हाय ना भाऊ,’’ ती म्हणाली. ‘‘मले मशीनच समजा.’’

मी उठून चालू लागलो. दहा-वीस पावलं हळूहळू गेलो. मागून हाक आली नाही. परत आलो, पुठ्ठ्यावरचा भाव दिला. चहा आला नाही. संत्री चांगली होती, गोड, हाताला वास राहणारी. केळी तिनं दिली, पण परस्पर दवाखान्यात नेऊन.

तेव्हापासून असंच चाललं आहे. माल चोख, भाव लिहिलेला. माझ्याशी ती भांडत नाही. शेजारच्या गिऱ्हाइकाशी भांडते, हसते, त्याला चहा पाजते, आणि मी समोर गेलो की पुठ्ठ्याकडं बोट करते.

माझा गुन्हा मला मान्य आहे. पोती परत न मागण्याचा जबाब मी दर जयंतीला तिच्या टोपलीसमोर देतो. पण ज्यानं ती चकाकणारी चिपाडं फळं म्हणून माझ्या हातात दिली, त्यानं कोणाला जबाब दिला? त्या दुकानाच्या मालकानं एकदा घाटंजीला यावं. वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या खाटेशी उभं राहावं, आपल्या दुकानातलं संत्रं सोलावं आणि सगळ्यांसमोर शेवटच्या फोडीपर्यंत खावं. मग मला सांगावं, हे आजारी माणसाला कोणत्या तोंडानं विकलं.

भाव करायला मी येत नाही. जबाब मागतो आहे.