थंडोबाचा खटला

वर्कशॉपमध्ये त्याला सगळे थंडोबा म्हणायचे, आणि खोटं कशाला बोला, नाव शोभत होतं. अकरा वर्षं लिफ्टदुरुस्तीचं काम केलं, पण गडी कधी कुणावर खेकसला नाही की कुणाच्या विनोदाला पोट धरून हसला नाही. एकदा लिफ्टच्या दारात बोट सापडलं, तर "जरा दार उघडा, बोट अडकलंय" एवढंच म्हणाला. तेही "जरा पाना द्या" म्हणावं तसं! बघणाऱ्यांना घेरी आली, आणि हा आपला बोटाला फडकं गुंडाळून उरलेले स्क्रू आवळत बसला.

अशा माणसावर खटला उभा राहिला, मग काय विचारता.

झालं ते असं. एका सहा मजली इमारतीत त्याचा जोडीदार लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरला होता. खाली माणूस असला की वरच्या खोलीतला मेन स्विच बंद करायचा, त्याला कुलूप लावायचं आणि किल्ली उतरणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवायची, हा या कामाचा नियम. पण "दोन मिनिटांचं काम, कुलूप कशाला?" असं जोडीदारच म्हणाला, आणि स्विच नुसता बंद करून ठेवला. कुणीतरी तो चालू केला. लिफ्ट खाली आली आणि जोडीदार जागच्या जागी गेला. थंडोबाने काय केलं? वर जाऊन स्विच बंद केला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, आणि पोलीस येईपर्यंत जिन्यात बसून कामाचा कागद भरला. वेळ, मजला, बिघाड काय, सगळं सुवाच्य अक्षरात.

आपण चौथ्या मजल्यावर दाराचं काम करत होतो, असं तो सांगत होता. पण तिथे त्याला कुणी पाहिलं नव्हतं. स्विचला कुणी हात लावला म्हणून विचारलं, तर इमारतीतल्या झाडून सगळ्यांनी कानावर हात ठेवले. राहता राहिला खिशात किल्ली असलेला थंडोबा.

तो जामिनावर सुटून घरी आला. घरी थोरली बहीण. ती शिवणकाम करायची, लग्न केलं नव्हतं, आई-वडलांमागे यालाच वाढवलं होतं. बाहेर ती त्याच्या बाजूने वाघिणीसारखी भांडायची. जिन्यात शेजारीण कुजबुजताना दिसली की "काय ते मोठ्याने बोला ना!" म्हणून तिची बोलती बंद करायची. पण दार लावलं की तिच्याच मनात पाल चुकचुकायची. अपघाताच्या आधी आठच दिवस त्याचं आणि जोडीदाराचं वाजलं होतं, हे तिच्या कानावर आलं होतं.

"कशावरून भांडलात रे?" तिने विचारलं होतं.

"कामावरून."

"म्हणजे?"

"तो कुलूप लावायचा कंटाळा करायचा."

आता हे खरं मानायचं की नाही? खरं असेल तर त्या दिवशी कुलूप न लावता त्याला खाली उतरू कसं दिलं? की धडा शिकवायचा होता? ती मशीनवर कापड सरकवता सरकवता दाराच्या फटीतून त्याच्याकडे बघत राहायची. तो आंघोळीला गेला की त्याचे खिसे चाचपायची, आणि मग स्वतःचीच लाज वाटून कपडे पुन्हा होते तसे टांगून ठेवायची. काय शोधत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं.

एकदा मात्र तिच्याने राहवेना. "माझ्या गळ्याची शपथ घेऊन सांग. तू केलंस का?"

"नाही," तो म्हणाला. आणखी वाढू का म्हटल्यावर "नाही" म्हणायचा, त्याच सुरात. अरे, माणसाने निदान चिडावं तरी! तिला तो आपलाच भाऊ असून परका वाटला, आणि भीतीही वाटली.

खटला चालू झाला. सरकारी वकील स्विचबद्दल कमी आणि त्या भरलेल्या कागदाबद्दलच जास्त बोलायचा. समोर जोडीदाराचं प्रेत, आणि हा मजला लिहितो! लोक माना डोलवायचे. थंडोबा कठड्यात उभा राहून छताचा पंखा बघायचा. शेवटी त्याच्या वकिलाने बहिणीला बाजूला घेतलं.

"ताई, पुरावा दोन्हीकडे सारखाच लंगडा आहे. सगळं त्याच्या चेहऱ्यावर अडलंय. तो घरी येऊन रडला, असं तुम्ही सांगा. बहिणीचं लोक ऐकतात. नाहीतर सात-आठ वर्षं गेलीच म्हणून समजा."

रडला कुठला! हातपाय धुतले, जेवला, झोपला. पण सात-आठ वर्षं! केलं असो वा नसो, भाऊ तर आपलाच ना?

ती साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. "साहेब, तो घरी आला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडला. दोन दिवस अन्नाला शिवला नाही." बोलता बोलता तिने पदराने खरोखरच डोळे पुसले. कोर्टात कुणीतरी चुकचुकलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला. जमलं, तिला वाटलं, जमलं!

"साहेब," कठड्यातून आवाज आला. "असं झालं नाही. मी रडलो नाही. जेवलो. दोनदा वाढून घेतलं."

कोर्टात हशा पिकला. वकिलाने कपाळाला हात लावला. बहिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्या, गळ्याशी आलंय तुझ्या, आणि जेवणाचं काय सांगतोस! पण तिने रागारागाने त्याच्याकडे पाहिलं मात्र, आणि राग तिथल्या तिथे विरला. स्वतःची मान सुटत असतानाही ज्याला एवढंसं खोटं खपलं नाही, तो घरी बसून तिच्याशी खोटं बोलेल? "नाही" म्हणाला होता. म्हणजे नाहीच. आणि आपण त्याचे खिसे चाचपत बसलो!

"साहेब, त्याने नाही केलं!" ती ओरडली. "आता खरं सांगते, मला पक्कं माहीत आहे, त्याने नाही केलं!"

न्यायाधीशांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "बाई, आता खरं, तर मघाशी काय होतं? उतरा खाली."

"साहेब, ऐका तरी—"

"हे लिहू नका," न्यायाधीश लिहून घेणाऱ्याला म्हणाले.

सात महिन्यांत पहिल्यांदाच तिची खात्री पटली होती, आणि नेमकी आत्ता तिच्या शब्दाला कवडीची किंमत उरली नव्हती. शिपायाने दोनदा सांगितलं, दंडाला धरलं, तरी ती पिंजऱ्यातून उतरेना.