पाटावरचा राखणदार

"सुरी लावू नगा त्येला, भाऊ! राखनदार हाय त्यो!"

मावशी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली ती अशी, की भुशीच्या धरणाचं पाणी हातभर मागं सरलं असेल. तुम्ही म्हणाल, हा फेकतोय. फेकतोच मी, लोणावळ्यात माझी ख्यातीच ती. पण त्या दुपारी मी जे केलं, त्यात पदरचा एक शब्दही घालावा लागत नाही.

साठ-पासष्टच्या सुमाराची गोष्ट. मुंबईच्या एका शेटजींच्या बंगल्यावर मी मॅनेजर होतो आणि मावशी स्वयंपाकघरात. आंदर मावळातल्या डोंगरवाडीवरची. तिला काहीही सांगा, हातातलं काम थांबवून, पदराला हात पुसत ती विचारणार, "कशापायी?" कांदा चिरा. "कशापायी?" रश्शाला की कोशिंबिरीला, हे कळल्याशिवाय विळी हलायची नाही. कळलं, की मात्र असा चिरायची, की कांद्यालाच भरून यावं!

शेटजींच्या बाईसाहेबांनी एकदा विलायती मासिकातलं चित्र दाखवलं. लाकडी पाटावर थंड मांस, चीज, द्राक्षं, बिस्किटं रचून उभं केलेलं परीराज्य. त्यांना पार्टीला तस्संच हवं होतं. मावशीनं चित्र उलटसुलट करून पाहिलं. "अगं बया, ह्यो तर गड!" आणि लागली कामाला. हॅमच्या गुंडाळ्यांचे बुरूज, खाऱ्या बिस्किटांची तटबंदी, खाली कोथिंबिरीचं रान. लोहगडानं लाजून धुक्यात तोंड लपवावं, असा गड झाला.

चित्रात दरवाजाशी पंखवाला, आग ओकणारा एक प्राणी होता.

"ह्यो कोन?"

ड्रॅगन समजावून सांगायचा मला कंटाळा. म्हटलं, "गडाचा राखणदार."

"कशापायी?"

"राखायला, आणखी कशापायी!"

मावशीच्या वाडीला राखणदार एकच ठाऊक, वाघोबा. तिनं चीजचा वाघ घडवला. काळ्या मनुकांचे पट्टे, मिऱ्यांचे डोळे. मग त्याच्या कपाळाला कुंकवाचं बोट लावलं आणि हात जोडले. "लेक गुरं घिऊन रानात जाती. नजर ठिव, बाबा."

मी दारात उभा होतो. सगळं पाहिलं, ऐकलं. हा वाघही कापून खाणार आहेत, एवढंच तिला सांगायला हवं होतं. मी मिशीत हसलो आणि पाट उचलून बाहेर नेला.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला चेव चढला. बेडशाच्या डोंगरात मी नुसत्या छत्रीनं वाघ कसा लोळवला, ही माझी ठरलेली गोष्ट सुरू केली. शेवटाला रंगत यावी म्हणून सुरी पाटावरच्या वाघाच्या मानेवर टेकवली. तेव्हा मावशी ओरडली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. थांबता आलं असतं. मी म्हणालो, "घ्या, वाघीणही आली!" हशा उसळला, आणि मी सुरी दाबली. कुंकवासकट डोकं एका बाईंच्या ताटलीत गेलं. त्यांनी ते खाल्लं.

"मीठ कमी आहे जरा," त्या म्हणाल्या.

मावशी आत वळली. पार्टी आटोपली तशी सगळी भांडी घासली, जागच्या जागी पालथी घातली आणि डोंगराच्या वाटेला लागली. दुसऱ्या दिवशी आली नाही. नंतरही नाही.

दोन महिन्यांनी मी तिच्या वाडीवर गेलो. एसटी अर्ध्यातच सोडते, पुढं चढ. वाडीच्या अलीकडं तिची लेक दिसली, गुरं हाकत, ठणठणीत. मला केवढं हायसं वाटलं! इतके दिवस पोटात कसली भीती घेऊन हिंडत होतो, ते तेव्हा कळलं.

मावशी अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. चढताना मी तीन भाषणं रचली होती, एकाहून एक सरस. त्यातलं एकही आठवेना.

"मावशी, चुकलं माझं. परत चला कामावर."

तिनं वर पाहिलं. सूप काही थांबलं नाही.

"कशापायी?"