जुन्या मॅट्रिकची पेटी

मॅट्रिकला गणितात नापास झालो आणि त्याच रागात मी भूमितीचं पुस्तक फाडून टाकलं. उरलेल्या पानांत आईनं तिखटाच्या पुड्या बांधल्या. बाकीचे विषय निघाले होते, गणित तेवढं राहिलं. आमच्या घरात मॅट्रिकपर्यंत पोचलेला मी पहिलाच होतो, त्यामुळे नापास होणाराही पहिलाच. बा हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, हमाल होता. हळदीची पोती वाहून त्याची मान कायम पिवळी दिसायची. तो माझ्यावर रागावला नाही.

"आनिक एक डाव बस," म्हणाला. "न्हाई निघालं तर मंग चल माझ्यासंगं मोंढ्यात. पाठ तुझीबी रुंद हाये."

त्याच सुमारास अकरावीची मॅट्रिक बंद होऊन दहावीचा नवा अभ्यासक्रम आला होता. मागे राहिलेल्या आमच्यासारख्यांना जुन्या पेपराला बसायच्या काही संधी होत्या. पण जुनं आणि नवं यांत फरक तो काय, हे मला सांगणारं घरात कुणी नव्हतं. गणित म्हणजे गणित, एवढंच मला ठाऊक. शेजारच्या मुलीचं दहावीचं कोरं पुस्तक मागून आणलं आणि रेल्वे स्टेशनच्या बाकड्यावर बसून दोन महिने इमानदारीनं वाचलं. त्यातला 'संच' हा धडा तर मला फार आवडला. नापास झालेल्या मला इतकं सोपं कळायला लागलं, म्हणून मी स्वतःवरच खूश होतो.

एका सकाळी आमचे शाळेतले गणिताचे सर गाडीची वाट बघत त्याच बाकड्यावर येऊन बसले. शाळेचं ग्रंथालयही तेच सांभाळायचे.

"काय करून राहिलास?"

"गणित, सर. ऑक्टोबरला बसतोय."

त्यांनी पुस्तक हातात घेतलं, मुखपृष्ठ पाहिलं आणि मिटलं. "हे तुझं गणित न्हाई रे बाबा. तुझा पेपर जुना. ह्यातले संच तुला कुणी इचारणार न्हाई."

"दोन महिने झाले सर, वाचतोय."

"चांगलं केलंस. कवातरी कामी येतील. ऑक्टोबरात न्हाई येणार." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "संध्याकाळी घरी ये."

त्यांच्या घरी पलंगाखालून त्यांनी पत्र्याची मोठी पेटी ओढली. आत अंकगणित, बीजगणित, भूमिती, विज्ञान, सगळी जुन्या मॅट्रिकची पुस्तकं होती, सिमेंटच्या पिशवीच्या जाड कागदात बांधलेली. बाजारात त्यांतलं एकही मिळत नव्हतं. दुकानांत सगळी नवीच आली होती.

चहा घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या, "बघ बाबा. शाळेनं कपाट रिकामं करायला सांगितलं, रद्दीवाला तराजू घेऊन दारात आला, तर हे सायकलवर चार खेपा करून सगळं घरी घेऊन आले. माझी लुगडी बसली दोरीवर आन् पेटीत ह्यांचे नापास!"

"लुगड्याला परीक्षा नसती," सर म्हणाले.

"नेसून दाखवा मंग, कळंल."

पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला होता. वर सरांच्या अक्षरात लिहिलं होतं : 'शेवटचं लेकरू पास होईपर्यंत.' खाली आमच्या भागातल्या राहिलेल्या पोरापोरींची नावं. बरीच खोडलेली होती. सरांनी माझं नाव तळाशी लिहिलं आणि भूमितीचं पुस्तक हातात दिलं.

"एकच अट. जिथं अडशील तिथं पेन्सिलीनं लिहून ठेव. कसा सुटलास तेबी लिही."

माझ्या आधी दोघांनी ती अट पाळली होती. पहिला कनेरगाव नाक्याचा, तो पुढे एसटीत कंडक्टर झाला. 'इथं आकृती उलटी धरून बघा' असं त्यानं एका प्रमेयाशेजारी लिहिलं होतं. दुसऱ्यानं मागच्या उत्तरांत एक आकडा खोडून लिहिलं होतं, 'हे उत्तर चुकलंय. मी तीनदा केलं. माझं बराबर हाये.' ते वाचून मी एकटाच हसलो. तोवर मला वाटायचं, या जगात भूमिती न कळणारा मी एकटाच. त्या फिकट अक्षरांनी मला जेवढा धीर दिला, तेवढा पुढे कॉलेजातल्या मोठमोठ्या ग्रंथांनीही दिला नाही.

वर्तुळाच्या स्पर्शिकेवरच्या एका रायडरपाशी, म्हणजे प्रमेयावर घातलेल्या उदाहरणापाशी, मी आठवडाभर अडलो. त्या पानावर कुणीच काही लिहिलं नव्हतं. शेवटी केंद्रापासून एक रेघ जास्तीची काढली आणि सुटलं. समासात मी सगळं सविस्तर लिहिलं. जागा पुरेना, तर बानं खळ कालवून दिली आणि मी कागदाचा एक तुकडा चिकटवला.

निकाल लागला, गणित निघालं. मी धावत मोंढ्यात गेलो. बानं पाठीवरचं पोतं खाली ठेवलं आणि पिवळा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

संध्याकाळी पुस्तक परत द्यायला आम्ही दोघं सरांकडे गेलो. सरांनी माझ्या नावावर रेघ मारली. आता एकच नाव उरलं होतं, नरसी गावाला दिलेल्या एका बाईचं. लेकरू झाल्यामुळं तिचं राहून गेलं होतं आणि तिला पुस्तक पोचवायचं होतं.

"मी देतो की," बा म्हणाला. "मोंढ्यात नरसीच्या गाड्या येतातच."

"गाडीवाल्याजवळ देऊ नका," सर म्हणाले.

"न्हाई, न्हाई. सोता जातो."

दुसऱ्या दिवशी कामाला खाडा करून बा निघाला. पुस्तक धुतल्या धोतराच्या फडक्यात बांधून त्यानं काखेत घेतलं. "येवढं हलकं वझं पयल्यांदाच उचललं," म्हणाला.

दुपारी परत आला, पाणी प्यायला आणि माझ्यासमोर बसला.

"बाईनं पुस्तक उघडून पाह्यलं. म्हणली, मामा, ह्यात कुणीतरी लई लिवून ठिवलंय, कागद चिटकवून ठिवलाय."

"मग तुमी काय म्हणले?"

"म्या इचारलं, कोन्तं ते दाखव. तिनं बोट ठिवलं." बानं माझ्याकडं पाहिलं. त्याला अक्षरओळख नव्हती. "मंग म्हणलं, बाई, ते आमच्या पोराचं हाये."