व्याह्यांची काचेची खोली

इंग्लंडच्या थंडीशी कुरकुरत पुष्कळ लोक राहतात, पण तिला शिव्या घालून तिच्यावर चाल करून जाणारा माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे आमचे लंडनजवळच्या पिनरचे व्याही, माझ्या लेकीचे सासरे. उभा जन्म बसच्या वर्कशॉपात फिटर म्हणून गेला, त्यामुळे दुरुस्त होत नाही अशी वस्तू देवाने केलीच नाही अशी त्यांची समजूत. कुणाच्या दारात स्किप, म्हणजे भंगाराची ती लोखंडी पेटी, दिसली की यांची चाल मंदावते. एका बारशाला हे गृहस्थ कोट-टाय घालून, खांद्यावर कुणीतरी फेकलेला गालिचा घेऊन आले होते.

आता माझं. मी चौथी शिकलेला माणूस, पण धरलेलं सोडत नाही. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही हे आमच्या वडिलांनी मरेपर्यंत पाळलं, मीही पाळलं. नातवंड झालं की सुटतं म्हणतात. म्हणोत. माझ्या घरून, वॉटफर्डहून, येताना मी चहाचा थर्मास घेऊन यायचो आणि तो उघडला की व्याह्यांचं तोंड उतरायचं. शेवटी एका उन्हाळ्यात त्यांनी मला मागच्या काचेच्या खोलीत, कॉन्झर्व्हेटरीत, नेलं आणि कौन्सिलचा कागद माझ्यापुढे नाचवला. "हे बघा. घर आणि ही खोली यांच्या मधे हे बाहेरच्यासारखं भक्कम दार आहे तोवर कौन्सिल ही खोली घरात धरत नाही. बसा आता, चहा घ्या." सरकारच म्हणतं म्हटल्यावर मी कोण? बसलो. दोन कप घेतले.

पण ऑक्टोबर लागला आणि त्या खोलीत चहा ओठाला लागेपर्यंत सरबत व्हायला लागला. "व्याही, मी आपला थर्मासच आणतो," मी म्हटलं. ते ताडकन उठले. "आणून तर बघा! दिवाळीच्या आत ही खोली ऊबदार करतो. तीही घरातल्या सामानात, बाहेरचा माणूस न बोलावता."

जावई म्हणाले, "बाबा, मधलं दार काढून टाका ना, घरातली हीट आपोआप येईल."

"दार काढलं की खोली घरात आली! मग हे चहा कुठे पिणार, तुझ्या ऑफिसात?"

झालं, लढाई सुरू. पार्सलांतून जमवलेला बबल रॅप साबणाचं पाणी मारून काचांना चिकटवायचा होता. फोड काचेकडे की माणसाकडे, यावर आम्ही दोन दिवस भांडलो. खाली तो बारशाचा गालिचा. फटींत सीलंट भरून ते भारतात फोन करायच्या संपलेल्या कार्डांनी सारखं केलं. छताखाली तारा ओढून विहीणबाईंच्या जुन्या साड्या ताणल्या. "अहो, ती हिरवी माझ्या डोहाळजेवणाची आहे!" विहीणबाई ओरडल्या. "मग काय, ऊब जास्त," व्याही शिडीवरून म्हणाले. थर्मामीटर तीन टांगले होते. जो जास्त दाखवेल तो खरा.

दिवाळीला आम्ही दोघं ऐटीत फराळाला बसलो. खोली खरंच ऊबदार होती. आणि वरून टप्पकन पाण्याचा थेंब माझ्या कपात पडला. व्याह्यांनी वारा येण्याची एकूण एक जागा बुजवली होती, त्यामुळे आत साचलेली वाफ साड्यांतून गळत होती. मी कप खाली ठेवला. "व्याही, हे पाणी कुणाच्या घरचं?"

त्यांनी वर साड्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "तुमच्याच श्वासाचं आहे हो. प्या गुमान."

प्यालो. पण खिडकी बोटभर उघडावी लागली, आणि तेवढ्या फटीतून सगळी ऊब निघून गेली. पुढचे तीन हिवाळे मी तिथे ओव्हरकोट आणि माकडटोपी घालून बसलो. व्याही थर्मामीटर बघून माझ्याकडे बघायचे आणि मी म्हणायचो, "उकडतंय हो."

मग एका जानेवारीत त्यांची छाती भरली. डॉक्टरांनी त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही म्हणून सांगितलं. मी गेलो तेव्हा ते वर बिछान्यात होते. लेक त्यांच्यासाठी एकच कप घेऊन आली.

"आणि माझा?" मी विचारलं.

लेक दारातच थबकली. व्याही उशीवरून म्हणाले, "व्याही, हे घर आहे."

"असेल. तुमचा तो कौन्सिलचा इंग्रजी कागद तरी मला कुठे वाचता आला होता?"

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. चहा आला. चांगला कढत होता. इतका कढत चहा त्या काचेच्या खोलीत मला कधी मिळाला नव्हता, पण हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.