टाकीत अक्का आणि मी

अक्काच्या सोबतीला मी ऑक्सिजनच्या टाकीत शिरलो आणि मलाच आधी बाहेर काढावं लागलं.

अक्का माझी थोरली बहीण, धुळ्याजवळच्या खेड्यात राहते. मधुमेहानं तिच्या तळपायांची जाणीव गेलेली. चपलेत खडा घेऊन दिवसभर शेतात वावरली, तरी तिला पत्ता नाही! जखम चिघळली आणि दोन बोटं काढावी लागली. त्यात जोडव्याचं बोट गेलं. शुद्धीवर आल्यावर अक्का पायाकडे न बघता भाऊजींकडे बघून रडली.

उरलेली जखम भरेना. डॉक्टर म्हणाले, "पाय वाचेलच असं नाही. पण औषधं आणि ड्रेसिंगबरोबर जळगावला ऑक्सिजन देऊन बघू." म्हणजे बंद टाकीत हवेचा दाब वाढवतात आणि मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन देतात. तो रक्तातून जखमेपर्यंत पोचतो.

टाकीचं लोखंडी दार बघून अक्का थिजली.

"माले भीती वाटस रे. तू बी चाल मधमा."

"चल! त्यात काय!" मी छाती काढली. (मला लिफ्टमध्येसुद्धा घाम फुटतो, पण ते सांगायची ही वेळ होती का?)

दार लागलं. कान गच्च झाले. आत बसलेला तंत्रज्ञ म्हणाला, "काका, नाक दाबून आवंढा गिळा."

मी नाक दाबलं. आवंढ्याऐवजी बोंब निघाली, "मेलो! उघडा!"

"दाब हळूहळूच उतरवावा लागतो, काका!"

"मग हळूहळू उघडा, पण आत्ताच्या आत्ता!"

अक्कानं मास्क बाजूला केला आणि माझा हात घट्ट धरला. "घाबरू नको भाऊ, मी शे ना आठे."

पाय तिचा जायच्या वाटेवर, आणि धीर मला! मला रडू फुटलं. (कान दुखले म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं.)

मला बाहेर काढून तिला पुन्हा पहिल्यापासून बसवलं. त्यानंतर ती रोज एकटीच आत गेली. मी गोल काचेतून बघायचो. तीच मला हात हलवून धीर द्यायची.

जखमेवर हळूहळू निरोगी लाली आली, मग ती भरली. पाय वाचला. पण आता अक्का भिंत धरून कशीबशी अंगणात येते आणि पाऊल लुगड्याखाली लपवून बसते.

ती घरी आली तेव्हा शेजारणी शहाळं घेऊन भेटायला आल्या. अक्कानं ते माझ्याकडे सरकवलं.

"आधी याले द्या. हाऊ जास्ती घाबरेल शे!"

बायका खो खो हसल्या. कितीतरी महिन्यांनी अक्काही हसली. मी मान खाली घालून शहाळं संपवलं आणि विचारलं, "आणखी आहे का?"