शिडाची बोट आणि गोडादऱ्याचा धागा

लोकांची घरं जमिनीवर असतात. आमचं सुरतेजवळ मगदल्ल्याला, खाडीच्या गाळात होतं. गावाकडे सांगितलं तर अजूनही हसतात. हसोत बापडे! ज्याच्या डोक्यावरचं छप्पर गेलेलं नाही त्याला काय कळणार.

पांडेसऱ्यात कापड रंगवायचा कारखाना होता, आमचे हे तिथे फिटर. नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत तो कारखाना बंद पडला आणि पाठोपाठ लिंबायतची भाड्याची खोली सुटली. गोडादऱ्याला दिराकडे गेलो. दिराचे कापड विणायचे चार लूम, घर मात्र एका खोलीचं, आणि त्यात आम्ही दोघं. थोड्याच दिवसांत जाऊबाई भांडी आपटायला लागल्या. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा, पाय पसरायला जागा नव्हती. तेवढ्यात यांना कुणीतरी एका गुजराती शेठकडे नेलं. त्याच्या वडिलांनी हौसेने घेतलेली जुनी लाकडी शिडाची बोट मगदल्ल्याला बांधून ठेवली होती, वडील गेल्यापासून तिच्यावर कुणी चढलं नव्हतं. शेठ म्हणाला, “भाऊ, बोटमां रहो, बोट संभाळो.” पगार नाही, पण भाडंही नाही. मी म्हटलं, तरंगतंय ना, मग चला.

तापी माझ्या माहेरावरूनच वाहते. पण तिथे तिच्या पाण्यात वरण शिजायचं, इथे ते इतकं खारट की तोंडातही धरवायचं नाही. ओहोटी लागली की बोट गाळात बसायची आणि एका अंगाला कलायची. ताटातली आमटी कडेला धावायची. भाकरी थापायची ती भरती बघून. उशीवर डोकं ठेवावं तर सकाळी पाय वर नि डोकं खाली! पण दार लावलं की आपलं होतं. कुणाच्या भांड्यांचा आवाज नव्हता. मला तेवढं पुरत होतं, खरंच पुरत होतं.

आता ती बोट म्हणजे आजारी म्हातारीच. एक दुखणं बरं केलं की दुसरं वर यायचं. वायर सोलली तर आतलं तांबं हिरवंगार. दिवा लावला की तळात साचलेलं पाणी उपसणारा पंप बंद, पंप लावला की दिवा गुल. बॅटरी रिक्षात घालून लिंबायतला चार्ज करून आणायची आणि रिक्षावाल्याची बोलणी मी खायची, कारण आम्ल त्याच्या सीटवर सांडलेलं असायचं. इंजिनाला थंड करायला समुद्राचं पाणी आत घेणारी एक नळी होती, ती शिंपल्यांनी बुजलेली. यांनी ती तारेने कोरून काढली. संडासाला तर हापशासारखा दांडा! तो हलवायचा म्हणजे सगळं बाहेर जाणार. जायचंही, पण भरती आली की गेलेलं परत यायचं. मी यांना म्हटलं, “आधी हे दुरुस्त करा, नाहीतर मी चालले जाऊबाईंकडे.” यांनी सगळं सोडून तो व्हॉल्व्ह खोलला, नाकाला रुमाल बांधून. रबराची चकती सडली होती. रिक्षाच्या जुन्या ट्यूबमधून नवी कापून बसवली. त्या दिवशी मी गोड केलं.

एक दिवस शेठ आला, बरोबर बातमी घेऊन. दमणचा एक माणूस बोट बघायला येणार होता. बोट स्वतःच्या इंजिनावर नदीच्या मुखापर्यंत जाऊन परत आली तर तो घेणार, आणि बोटीबरोबर सांभाळणारा माणूसही ठेवणार. म्हणजे आम्हीच राहणार, वर पगारही. नाही चालली तर? “तो भंगार,” शेठ म्हणाला. तोल राखायला तळाशी बसवलेलं शिसं आणि सागाचं लाकूड विकून मोकळा होणार होता तो.

शेठ गेला आणि मी भांडी पोत्यात भरायला घेतली. हे मात्र नेहमीसारखेच. “हुई जाई. तू कसाले घाबरस?” अहिराणीतलं यांचं हे एकच औषध, सगळ्यावर. मी म्हटलं, “घाबरत नाही मी, मला पोहता येत नाही एवढंच!”

बाकी सगळं जमत आलं होतं. राहिला होता तो ग्लँड. बोटीच्या तळाला भोक असतं, त्यातून इंजिनाचा दांडा बाहेर पाण्यात जातो, त्याच्या टोकाला पंखा. दांडा फिरला पाहिजे पण पाणी आत येता कामा नये, म्हणून त्या भोकात दांड्याभोवती ग्रीस लावलेली दोरी ठासतात आणि वरून नट आवळतात. आतली दोरी कुजून गेली होती. धार लागलेली असायची आणि मी सकाळ-संध्याकाळ हातपंप मारायची. दंड भरून यायचे.

यांनी दुकानं पालथी घातली. तिथे मिळणारी दोरी या दांड्याच्या मापाची नव्हती, एक तर जाड, नाहीतर बारीक. दमणचा माणूस तोंडावर आलेला. शेवटी हे गोडादऱ्याला गेले आणि दिराच्या लूमवरचा वाया गेलेला धागा पिशवीभर घेऊन आले. लूमवर जगणाऱ्या आमच्या लोकांचं हे असंच आहे. काहीही तुटलं, सैल झालं, गळायला लागलं की पहिला धागा आठवतो. बाज विणायची तर धागा, दाराची कडी तर धागा, सायकलचा कॅरिअर तर धागा. यांनी कारखान्यात रंगाच्या नळांना कितीदा तोच धागा पीळ देऊन ठासला होता, एक थेंब गळला नव्हता. ओहोटीला बोट गाळात बसल्यावर आम्ही दोघांनी बसून दोरी वळली. मी एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं, हे पीळ देत गेले. ग्रीस चोपडलं, ठासलं, नट जोर लावून आवळला. भरती आली. आम्ही फळी उचलून बघत बसलो. कोरडं! अगदी ठणठणीत कोरडं. शेठ बघून गेला, म्हणाला, “वाह भाऊ!” मला इतका आनंद झाला की मी यांच्या पाठीत धपाटाच घातला.

दमणचा माणूस आला. पांढरे बूट घातलेला, मोजकं बोलणारा. सुकाणूवर मगदल्ल्याचा एक म्हातारा तांडेल घेतला होता. यांनी मला किनाऱ्यावर थांब म्हणून सांगितलं. मी म्हटलं, माझं घर चाललंय आणि मी काठावर बसू होय? चढलेच. इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. पंखा फिरला, बोट हलली. घर हललं! मी देवाचं नाव घेतलं. हे माझ्याकडे बघून हसले. शेठ दमणवाल्याला शीड दाखवत होता, किती भक्कम कापड वगैरे.

काठ मागे पडला आणि मला वास आला. तो वास सुरतेत राहणाऱ्या बाईला सांगावा लागत नाही. गरम इस्त्री पॉलिएस्टरच्या साडीला चिकटली की येतो, तोच. मी यांची बाही ओढली. यांनी फळी उचलली तर खालून धूर. दिराच्या लूमवर सुती धागा होताच कुठे, अख्ख्या सुरतेत कोण सुती विणत होतं! वितळून काळा डांबरासारखा झाला होता तो, दांड्याला चिकटून फिरत होता. यांनी त्यावर तांब्याने पाणी ओतलं, तो तडतडला आणि कडक झाला. काचेसारखे त्याचे तुकडे उडाले आणि त्या जागेतून पाणी आत आलं. धार नव्हे, लोट.

“इंजिन बंद!” हे ओरडले. विजेचा पंप लावला, तो थोडा चालला आणि धाग्याचं जळकं गुंतवळ त्याच्या तोंडात जाऊन बसलं. मग मी हातपंपावर. माझ्या घोट्यापर्यंत पाणी, मग पोटऱ्यांपर्यंत. माझं अंथरूण तरंगताना मी बघितलं, पिठाचा डबा तरंगताना बघितला. हे पोटावर पालथे पडून त्या भोकात सदरा कोंबत होते. मी पंप मारत रडत होते आणि शिव्या देत होते. यांना, धाग्याला, दिराला, तापीमाईलाही. तांडेलाने शीड चढवलं, वारा थोडा मिळाला, तेवढ्यावर त्याने बोट एका गाळाच्या पट्टीवर चढवली. ती टेकली आणि कलली. दमणवाला बूट हातात घेऊन बाकड्यावर उभा होता. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, “सेठ, नाव अच्छी थी.”

पुढे त्या तांडेलाने सांगितलं की चालत्या बोटीचा ग्लँड थोडा गळूच द्यायचा असतो, त्या थेंबांनीच दांडा थंड राहतो. कारखान्यात नळ हाताने फिरतो, तापणार कशाला. आम्हाला काय ठाऊक! आम्ही तर कोरडा राहिला म्हणूनच खूश होतो.

भरतीला भोकात चिंध्या ठासून, मासेमाराच्या बोटीला बांधून, पुन्हा मगदल्ल्याला आणली. शेठ चिडला नाही, चिडला असता तर बरं झालं असतं. तो यांना म्हणाला, “भाऊ, हवे तोडी नाखो.” आता बोट तोडून टाका. यांना तिचा खिळा न् खिळा ठाऊक, म्हणून तोडायचं कामही यांनाच. तोडून होईपर्यंत आत राहायलाही हरकत नव्हती. केवढा उपकार! मला वाटलं हे नाही म्हणतील. हे मान खाली घालून हो म्हणाले. काम होतं ना ते.

मग आम्ही ज्या घरात राहत होतो तेच तोडायला लागलो. डोलकाठी गेली, इंजिन गेलं. यांनी जोडलेली वायर यांनीच गुंडाळून काढली, व्यवस्थित, गाठ न पडू देता. संडासाचा तो व्हॉल्व्ह काढताना हे बराच वेळ तो हातात धरून बसले. डोक्यावरच्या फळ्या निघाल्या आणि दुपारचं ऊन थेट अंथरुणावर पडायला लागलं. मी ते सावलीत ओढत राहायची, जाऊबाईंचं दार नको म्हणून.

शेवटी उरली ती आमची झोपायची जागा, बाजूच्या जाड सागाच्या फळ्या. शेठचा निरोप आला, दुसऱ्या दिवशी टेम्पो येणार, सगळं कापून तयार पाहिजे. मी जाऊन तिथेच बसले. म्हटलं, मी उठणार नाही, काय करायचं ते करा. हे दोन मुठींची मोठी करवत घेऊन आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. डोळे लाल. “ऊठ आते,” म्हणाले. मी हलले नाही. मग त्यांनी माझ्या पाठीमागच्या फळीवर करवत ठेवली आणि एकट्यानेच ओढायला लागले. ती दोघांची करवत, एकट्याने कुठे चालणार. वाकायची, अडकायची, हे पुन्हा सरळ करून ओढायचे. घाम आणि डोळ्यांचं पाणी हनुवटीवरून गळत होतं. किती वेळ बघणार?

मी उठले आणि दुसरी मूठ धरली.