नावेतली जागा

पंचफुलामावशींचं बाप्तिस्म्याचं नाव आग्नेस. पण उदगीरहून शिरूर अनंतपाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्यांच्या गावात कुणी 'आग्नेसबाई' म्हणून हाक मारली, तर त्या वळूनही बघणार नाहीत. "ते नाव देवाघरी लिहिलेलं हाय," त्या म्हणतात, "हितं राशन दुकानात पंचफुलाच चालतंय."

गावातलं जुनं चर्च दगडी होतं, वर पत्रे. भूकंपात त्याच्या मागच्या भिंतीला तडा गेला आणि पुढे प्रत्येक पावसाळ्यात तो रुंदावत गेला. शेवटी ते पाडून नवीन बांधायचं ठरलं. लातूरच्या ज्या ठेकेदाराकडे मी साइट इंजिनिअर आहे, त्याला ते काम मिळालं. पाडण्याआधी मोजमाप घ्यायला मी गेलो, तेव्हा चर्चची किल्ली पदराला बांधून मावशी दारातच उभ्या होत्या. घंटा वाजवणं, झाडलोट, वेदीवरची फुलं, सगळं त्यांच्याकडे.

"आधी चपला काढ," त्या म्हणाल्या.

"चर्चमध्ये चपला चालतात ना, मावशी?"

"शिनेमात चालत्यात. हितं न्हाई."

मी रेणापूरचा, बौद्ध घरातला. नांदेडला सिव्हिल शिकलो, पण चर्च आतून बघण्याची ही पहिलीच वेळ. नकाशात मला इमारत क्रूसाच्या आकाराची दिसत होती, लांब दांडा आणि दोन आडवे हात. मावशींना तिथे माणूस दिसत होता.

"ह्यो येशू हाय, उताणा निजलेला," टेप धरता धरता त्यांनी सांगितलं. "वेदीकडं डोकं. ह्ये दोन हात. दाराकडं पाय. आपण त्याच्या पोटात बसतो."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"जुन्या फादरनी. पण रोज झाडणाऱ्याला सांगाय लागत न्हाई बाबा. त्याच्या दोन्ही काखंत लई जाळी हुत्यात."

मग त्यांनी मला सगळं फिरवून दाखवलं. वेदी पूर्वेच्या अंगाला का, तर सूर्य तिकडून उगवतो आणि येशू मेलेल्यातून उठला तोही तसाच. बाप्तिस्म्याचं दगडी कुंड दाराजवळ का, तर आत येण्याची सुरुवात पाण्यापासून. वेदीमागच्या छोट्या पेटीत पवित्र भाकर ठेवतात, तिच्याजवळचा लाल दिवा विझू द्यायचा नाही. "घरात माणूस हाय म्हणल्यावर दिवा नको व्हय?" एवढंच त्याचं स्पष्टीकरण. दोन्ही भिंतींवर येशूच्या शेवटच्या वाटेची चौदा चित्रं होती. तिसऱ्या चित्रात तो पहिल्यांदा पडतो. त्या चित्राची काच पुसताना मावशी हात हलका ठेवत, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात.

बाहेर लिंबाखाली एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. पांढरा सदरा, डोक्याला रुमाल. "आमचे मालक," मावशी म्हणाल्या. "भगवानराव. त्ये आत येत न्हाईत. चपला राखत्यात."

"कुत्री पळवत्यात म्हणून राखतो," भगवानराव पेपरातून मान न काढता म्हणाले. "देवाचा इषय येगळा."

मावशींच्या वडिलांचा बाप्तिस्मा मिशनऱ्यांच्या काळात झाला होता. मावशींच्या सख्ख्या आत्याच्या यजमानांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पुढे त्याच आत्याच्या मुलाशी, भगवानरावांशी, मावशींचं लग्न झालं. एका घरात मग नाताळची चांदणीही लागली आणि चौदा एप्रिलचा निळा झेंडाही. भांडण झालं ते मिठावरून, पोरांच्या शाळेवरून, धर्मावरून नाही. फक्त भगवानरावांनी पहिल्याच रविवारी सांगून टाकलं होतं: बापानं कुठल्या देवापुढं वाकणार नाही अशी शपथ घेतली, ती मी मोडणार नाही. मावशींनी परत कधी विषय काढला नाही. दर रविवारी दोघं बरोबर निघत. एक आत जाई, एक लिंबाखाली बसे.

पाया भरून झाला आणि घोटाळा झाला तो एका शब्दाचा.

इथले फादर वर्गीस केरळचे. मराठी झरझर बोलतात, पण शब्दांची लिंगं त्यांच्या हातून निसटतात. चर्चचा जो लांब मधला भाग, जिथे लोक बसतात, त्याला नकाशावर 'नेव्ह' लिहिलं होतं. त्याचा मूळ अर्थ जहाज, हे फादरांनीच मला सांगितलं. वर छत उलट्या होडीसारखं, खाली माणसं, आणि वेदीच्या दिशेने सगळा प्रवास. त्यांना ही कल्पना इतकी आवडत होती, की एका रविवारी पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमधल्या प्रार्थनेत त्यांनी ती सगळ्यांना समजावली. "आपला नवीन नाव फार मोठा होणार. या नावात सगळ्यांना जागा आहे. कोणी बाहेर राहणार नाही."

नाव म्हणजे होडी, तर ती मोठी होणार आणि जागा 'नावेत' असणार. फादर म्हणाले 'नावात'. आणि आमच्या भागात नदीपेक्षा भांडी जास्त. तांब्या घ्या, घागर घ्या, त्यावर नाव घातलेलं असतं. देवळातल्या पंख्याच्या पात्यावर, शाळेच्या बाकावर, पाणपोईच्या टाकीवर नाव असतं. तेव्हा लोकांनी काय ऐकलं असेल ते उघड आहे.

पुढच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर फादरांभोवती गर्दी.

"फादर, आमच्या आजोबाचं कागदावर पॉल हाय, गावात पुंडलिक. कोणचं घालायचं?"

"आमचं आडनावासकट येईल का? कांबळे लई हायत."

"आखरं संगमरवरात का नुसत्या रंगात?"

आनंदराज नावाचा एक शिक्षक तर आईचा फोटोही घेऊन आला होता. फादर एकेकाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी हळूच सांगितलं, "फादर, तुम्ही नावात म्हणालात. नावेत म्हणायचं होतं." मग काय, ते शेडच्या खांबाला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्यांनी हातांनी होडी करून दाखवली, वल्हं मारून दाखवलं. लोकही हसले. आनंदराजने मात्र आईच्या नावाचा एक पंखा कबूल करून घेतलाच.

मावशी हसल्या नाहीत. सगळे पांगल्यावर त्या फादरांपुढे आल्या.

"म्हंजे होडी."

"होडी, मावशी."

"मी मालकाचं नाव सांगाय आले हुते. ऱ्हाऊ द्या. पण होडीत सगळ्यास्नी जागा, ह्ये तर खरं?"

"अगदी खरं."

"त्यास्नी बी? बाप्तिस्मा न्हाई, वाकणार न्हाईत, तरी?"

फादर म्हणाले, "मावशी, दार उघडं आहे."

"दार उघडं हाय ते मला ठावं हाय," मावशी म्हणाल्या. "सकाळी मीच उघडते."

त्या दिवशी मला कळलं, त्यांच्या मनात काय चाललं होतं. जुन्या चर्चमध्ये खाली सतरंजी असे. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. कोणाचा नवरा कुठे बसलाय, कोणाचा नाहीच, ते दिसत नसे. नव्या नकाशात बाक होते. फादर म्हणाले होते, आता कुटुंबं एकत्र बसतील.

"सतरंजीवर मी एकटी नव्हते," मावशी मला म्हणाल्या. "बाकावर आसंन. जोडीनं बसायचं म्हणल्यावर माज्या बाजूला कोण? आन वर गेल्यावर बी आसंच का? त्ये लिंबाखाली आन मी आत?"

मला वाटलं, हा नकाशाचा प्रश्न आहे आणि नकाशा माझ्या हातात आहे. मी आर्किटेक्टच्या सहायकाला फोन केला, इंटरनेटवर वाचलं. फार पूर्वी चर्चच्या मुख्य दारापुढे एक ओसरी असे. ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही, ते तिथे थांबून आतली प्रार्थना ऐकत. मला एकदम उत्तर सापडल्यासारखं झालं. आमच्या नकाशात ओसरी होतीच. ती थोडी रुंद करायची, मध्ये जाळीची भिंत, तिला लागून एक दगडी ओटा. भगवानराव ओट्यावर, मावशी जाळीच्या आतल्या बाजूच्या शेवटच्या बाकावर. दोघांत हातभर अंतर. मी ते कागदावर काढून उत्साहाने त्यांच्या घरी नेलं.

मावशी भाकरी थापत होत्या. कागद त्यांनी पीठ लागलेल्या बोटांनी लांबूनच बघितला.

"ह्यो ओटा कुणाला?"

"भगवानरावांना."

"आन ही भिंत?"

"जाळी आहे मावशी, आरपार दिसतं. पूर्वी बाप्तिस्मा न झालेले असेच..."

"म्हंजे त्यास्नी गावकुसाबाहेर बसवालाव का?"

तव्यावरची भाकरी त्यांनी उलटली.

"त्ये लिंबाखाली बसत्यात ते सोताच्या मनानं," त्या म्हणाल्या. "तू त्यांच्यासाठी बाहीर जागा बांधू नको, बाबा. बाहीर बसायला माजा बाप येशूकडं गेला न्हाई. आन ह्यांचा बाप बी बुद्धाकडं त्यासाठी गेला न्हाई. तुजा आजा तरी कशाला गेला हुता?"

आवाज वाढलेला नव्हता. माझ्या ताटात त्यांनी गरम भाकरी आणि खर्डा वाढला. कागद मी घडी करून खिशात ठेवला. खाटेवर भगवानराव होते, डोळे मिटलेले. झोपलेले नव्हते.

"पंचफुला," ते म्हणाले, "आत नुसतं बसलं तर चालतंय का?"

भाकरी थापणारे हात थांबले. "कोण बसालंय?"

"इचारालोय. पाया पडावं लागतंय?"

"न्हाई."

"गुडघे टेकावं लागत्यात?"

"समदे टेकत्यात. पण गुडघेदुखीवाले बसूनच ऱ्हात्यात. तुमचे बी दुखत्यात की."

"माजे दुखत न्हाईत."

"मग तुमी तत्त्वाचे म्हणून बसा. कोण काय म्हणतंय ते मी बघते."

"हात न्हाई जोडणार मी."

"नका जोडू. मांडीवर ठेवा. खिशात घाला. बिडी तेवढी काढू नका."

"भाकर का काय देत्यात, ती न्हाई खाणार."

"तुमाला देणार बी न्हाईत," मावशी म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली. "माजीच खावा."

पक्कं असं त्यांनी काही सांगितलं नाही. मावशींनीही परत विचारलं नाही. आम्ही छताला लाकडी फळ्या बसवल्या, बाक आले, कुंड जुनंच दाराजवळ बसवलं. चपलांसाठी एक मांडणी तेवढी मी नकाशात नसताना करून दिली. मावशी रोज येऊन काम बघत आणि गवंड्यांना "काखंत झाडू फिरंल इतकी जागा ठेवा" म्हणून बजावत. पण बाकांजवळ आल्या की त्या बसत नसत. हात फिरवून पुढे जात.

आशीर्वादाच्या दिवशी लातूर, नांदेडकडून लोक आले. बिशपांनी बंद दारापाशी उभं राहून प्रार्थना केली आणि मावशींनी कुलूप काढलं. आत बिशपांनी वेदीच्या दगडावर सुगंधी तेल ओतून तळहाताने चोळलं, भिंतींवरच्या छोट्या क्रूसांना तेल लावलं. मग मेणबत्त्या पेटल्या. मावशी मधल्या एका बाकाच्या टोकाला बसल्या होत्या. शेजारी त्यांनी घडी केलेली शाल ठेवली होती. दोघी-तिघींनी "मावशी, सरका की" म्हटलं. मावशी सरकल्या नाहीत. दाराकडेही त्यांनी बघितलं नाही, पण शालीवरचा हात त्या काढत नव्हत्या.

वाचनं चालू असताना भगवानराव आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, अनवाणी. ते मधल्या वाटेने सरळ चालत आले, ताठ, जसे ग्रामपंचायतीत येतात. मावशींनी शाल उचलून मांडीवर घेतली. ते बसले.

मागच्या बाकावर मी होतो. घंटी वाजली, सगळे गुडघ्यांवर आले. अख्ख्या चर्चमध्ये एक पांढरा सदरा सरळ बसलेला. कुणीतरी मागे वळून बघितलं. भगवानरावांनी त्याच्याकडे शांतपणे बघितलं आणि तो पुढे वळला. मावशींना उठता येईना. शोधावंही लागलं नाही इतक्या सहज त्यांनी शेजारच्या गुडघ्यावर हात टेकला आणि उठून परत बाकावर बसल्या.

मग फादर म्हणाले, एकमेकांना शांती द्या. इकडे ती हात जोडून देतात. माणसं डावीकडे वळली, उजवीकडे वळली, "ख्रिस्ताची शांती, ख्रिस्ताची शांती". पुढच्या बाकावरचा आनंदराज मागे फिरला आणि भगवानरावांना हात जोडून तेच म्हणाला. भगवानरावांचे हात मांडीवरच होते. माणसापुढे हात जोडायला बापाने मनाई केली नव्हती. त्यांनी हात जोडले.

"जय भीम," ते म्हणाले.

आनंदराज हसला. त्याच्या शेजारच्या बाईंनाही तेच मिळालं. पलीकडच्या म्हाताऱ्यालाही. मागे वळून मलाही. शेवटी ते मावशींकडे वळले. मावशी आधीपासूनच हात जोडून त्यांच्याकडे तोंड करून बसल्या होत्या.

"ख्रिस्ताची शांती," त्या म्हणाल्या.

"जय भीम, पंचफुला."

"जय भीम," मावशी म्हणाल्या. आणि मग हळूच, "सरका जरा, माजा पदर दाबलाय तुमी."